गोठवलेल्या भ्रूणांचे पुढे काय? : प्रस्तावना

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तयार झालेले सगळे भ्रूण एकदम गर्भाशयात सोडले जात नाहीत. सहसा एखादा सोडतात, किंवा दोन. बाकीचे द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात. पहिल्या खेपेला गर्भ राहिला नाही तर हेच भ्रूण कामी येतात आणि त्या बाईची इंजेक्शनांची, भुलीची, बीज काढण्याची दुसरी फेरी वाचते. मूल झाले आणि आणखी नको असे ठरले, किंवा उपचारच सोडून दिले, की टाकीतल्या या शिलकीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. उत्तर नवरा-बायकोने द्यायचे असते; कायदा, खर्च, घरचे, धर्म आणि डॉक्टर त्या उत्तराला आकार देतात. शिवाय ते एकदाच द्यावे लागत नाही. उपचार सुरू होताना कागदावर एक उत्तर लिहून घेतले जाते, दरवर्षी साठवणुकीचे पैसे भरताना ते नकळत पुन्हा दिले जाते, आणि खरोखर विचार करून दिलेले उत्तर बहुधा सगळ्यांत शेवटी येते. कधी येतच नाही.

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्याचे दवाखान्याचे गाव आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसे मोठ्या दुखण्यासाठी पूर्वीपासून इथे येतात; आधी ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात, आता खासगी रुग्णालयांतही. वंध्यत्वावरचे उपचारही याच वाटेने शहरात रुजले. जोडपे सकाळच्या एसटीने येते, सोनोग्राफी आणि इंजेक्शन उरकून संध्याकाळी परत जाते, आणि गावात शेजाऱ्यांना ‘बीपी दाखवायला गेलो होतो’ एवढेच कळते. ही गुप्तता पुढच्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी आहे. ज्या उपचाराविषयी सासरी धड सांगितलेले नसते, त्यातून उरलेल्या भ्रूणांविषयी सल्ला तरी कोणाला विचारायचा?

गोठवण्याचे तंत्र मात्र या भागाला परके नाही. शहरालगत हर्सूलला महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची गोठित रेत प्रयोगशाळा आहे. गाय माजावर आली की मोटारसायकलला नायट्रोजनचे भांडे अडकवून येणारा माणूस आणि त्याने चिमट्याने बाहेर काढलेली कांडी शेतकऱ्याने अनेकदा पाहिलेली असते. माणसाचे भ्रूण ठेवण्याची रीत मुळात तीच: थर्मॉससारखी दुहेरी भिंतीची टाकी, आत द्रव नायट्रोजन, त्यात बुडालेल्या बारीक कांड्या, प्रत्येकीवर नाव आणि क्रमांक. टाकीला वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनाची भीती नाही. पण नायट्रोजन सतत थोडा थोडा उडून जातो आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावा लागतो. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसवर असताना आतले तापमान टिकते ते या भरण्यामुळे. साठवणुकीचे वार्षिक शुल्क मुख्यतः या नायट्रोजनचे, जागेचे आणि नोंद ठेवण्याचे असते.

भ्रूण का उरतात, हे कळायला उपचाराचा क्रम पाहावा लागतो. एरवी पाळीच्या एका चक्रात एक बीज पक्व होते. औषधांनी बीजकोश उत्तेजित केले की एकाच वेळी आठ-दहा, कधी त्याहून जास्त बीजे मिळतात. त्यांतली काही अपक्व निघतात, काही फळतच नाहीत, फळलेल्यांपैकीही सगळी पाचव्या दिवसापर्यंत तग धरत नाहीत. पाचव्या दिवशीच्या भ्रूणाला दवाखान्यात ‘ब्लास्टोसिस्ट’ किंवा नुसते ‘डे फाइव्ह’ म्हणतात. तो शंभर-दोनशे पेशींचा असतो आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. इतकी गळती गृहीत धरूनच सुरुवातीला जास्त बीजे घेतलेली असतात. गळती अंदाजापेक्षा कमी झाली की शिल्लक राहते. म्हणजे उपचार चांगला चालल्याची खूण आणि पुढच्या अडचणीचे बीज एकाच बातमीत असते: ‘तुमचे चार फ्रीज केलेत’ हे ऐकून जोडपे खूश होते, आणि चारही लागणार नाहीत हा विचार त्या दिवशी कोणी करत नाही. करावा अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही.

पूर्वी भ्रूण सावकाश गोठवत. पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन बरेच भ्रूण वितळवताना मरत. आता काही क्षणांत काचेसारखे घट्ट करण्याची पद्धत रूढ आहे आणि बहुतेक भ्रूण सुखरूप बाहेर येतात. तंत्र सुधारले तसा प्रश्न मोठा झाला. पूर्वी बर्फच परस्पर निकाल लावत असे. आता दहा वर्षांनीही भ्रूण जसाच्या तसा असतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत ओहायोत जन्मलेल्या एका मुलाचा भ्रूण १९९४ साली गोठवलेला होता.

या इतिहासात भारताचे पान फार आधीचे आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेली ‘दुर्गा’ ही देशातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी नोंदवल्याप्रमाणे तिचा भ्रूण त्रेपन्न दिवस गोठवून ठेवलेला होता आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात सोडला होता. ज्या पद्धतीने आज मराठवाड्यातले जोडपे पुढच्या महिन्याची तारीख घेऊन जाते, तीच ही पद्धत. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली आणि तीच भारतातली पहिली असे मानले जाऊ लागले. मुखोपाध्याय यांची टिपणे वाचून १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना देण्याची मागणी केली ती याच आनंद कुमारांनी. स्वतःच्या नावावरचा मान असा मागे सारणारी माणसे विज्ञानात विरळा.

जगात गोठवलेल्या भ्रूणातून पहिला जन्म झाल्याची सर्वमान्य नोंद मेलबर्नची, १९८४ सालची. उरलेल्या भ्रूणांचा पहिला गाजलेला पेचही त्याच शहरातला. तिथे दोन भ्रूण ठेवून गेलेले एक धनाढ्य जोडपे १९८३ मध्ये विमान अपघातात गेले आणि मागे कोणतीच सूचना नव्हती. भ्रूण वारस आहेत की मालमत्ता, यावर बराच काळ वाद झाला. मरणोत्तर काय करायचे हे आधीच लिहून घेण्याची आजची पद्धत अशा पेचांतून आली.

निर्णयाकडे वळण्याआधी शब्दाकडे पाहायला हवे. ‘भ्रूण’ हा शब्द मराठवाड्यात दवाखान्यातून आलेला नाही. तो भिंतीवरच्या घोषणेतून, एसटी स्टँडवरच्या फलकातून, शाळेच्या निबंधातून आला आहे, आणि तिथे तो जवळजवळ कधीच एकटा येत नाही. त्याच्या आधी ‘स्त्री’ आणि नंतर ‘हत्या’ असते. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. पुढच्याच वर्षी परळीतले बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले आणि हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला १९८८ मध्ये, केंद्राच्याही आधी. अशा भागातल्या बाईपुढे ‘उर्वरित भ्रूण नष्ट करण्यास माझी संमती आहे’ असे छापलेला कागद ठेवला तर तिला त्यात काय ऐकू येईल, याचा विचार नमुना लिहिणाऱ्याने केलेला नसतो. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींचा संबंध नाही. गर्भपाताचा कायदा पोटातल्या गर्भाला लागू होतो, टाकीतल्या भ्रूणाला नाही, आणि तो भ्रूण मुलाचा की मुलीचा हे सांगणेही गुन्हा असल्यामुळे जोडप्याला ते ठाऊक नसते. पण संकोच कायद्याची कलमे वाचून येत नाही. रुग्ण स्वतः बोलताना ‘भ्रूण’ क्वचितच म्हणतात. ‘आमचे दोन एम्ब्रियो आहेत’, ‘तीन फ्रीजमध्ये ठेवलेत’ असेच म्हणतात. इंग्रजी शब्दाचा परकेपणा इथे उपयोगी पडतो.

आपल्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘परिश’ असे क्रियापद आहे, म्हणजे आपोआप संपू देणे. ‘नष्ट करणे’ आणि ‘संपू देणे’ यांत प्रयोगशाळेतली कृती एकच असली तरी सही करणाऱ्याच्या मनात फरक पडतो. समजावून सांगणाऱ्याने दुसरा शब्द वापरला तर त्यात फसवणूक नाही. वस्तुस्थितीला तोच जवळचा आहे. बाहेर काढलेल्या कांडीतल्या पेशी वाढत नाहीत, थांबतात.

आता कायदा. २००५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत साठवणुकीची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची होती, आणि सोबतच्या संमतिपत्रात मुदत संपल्यावर भ्रूण तिसऱ्या व्यक्तीसाठी वापरणे, संशोधनाला देणे किंवा टाकून देणे असे पर्याय होते. पती किंवा पत्नी वारल्यास काय करायचे, हेही त्यातच लिहायचे होते. मात्र ही तत्त्वे होती, कायदा नव्हता. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून सरोगसी कायद्यासोबत लागू झाला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो संपू द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. एकोणतिसावे कलम विक्री तर बंद करतेच, पण भ्रूण दुसऱ्या कोणालाही देणे बंद करते. स्वतःचे भ्रूण स्वतःच्या वापरासाठी दुसरीकडे नेता येतात, तेही या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला पाच ते दहा लाख रुपये दंड आणि पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षे कैद आहे.

म्हणजे भारतातल्या जोडप्यापुढे हिशोबाने तीन वाटा आहेत: वापरणे, संपू देणे, संशोधनाला देणे. चौथी वाट, दुसऱ्या निपुत्रिक जोडप्याला देणे, ही अनेकांना सर्वांत आधी सुचते आणि तीच बंद आहे. ‘आमचे झाले, आता कोणाच्या तरी घरी पाळणा हलू दे’ ही भावना समजण्यासारखी आहे. रक्तदान, नेत्रदान, देहदान यांच्या ओळीत भ्रूणदानही बसेल असे वाटणे साहजिक आहे. कायद्याची भीती वेगळी होती. सरोगसीचा बाजार देशाने पाहिलेला होता, आणि दानाच्या नावाखाली विक्री चालेल ही शंका निराधार नव्हती. तरीही नात्यातल्या नात्यात, पैशाविना, नोंदणी करून दिलेल्या भ्रूणाला अजिबात वाट न ठेवणे हे जरा जास्तच झाले असे म्हणावे लागते. दत्तकाचा कायदाही इथे मदतीला येत नाही, कारण दत्तक मूल घेतले जाते. टाकीतला भ्रूण कायद्याने मूल नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा वडिलांच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेल्या आणि पुढे जिवंत जन्मलेल्या मुलाला वारस मानतो. त्यातला ‘गर्भात’ हा शब्द १९५६ सालचा आहे, टाकीची कल्पनाही नव्हती तेव्हाचा.

वापरण्याच्या वाटेलाही कुंपण आहे. उपचार घेणारी स्त्री पन्नाशीच्या आतली आणि पुरुष पंचावन्नच्या आतला असावा लागतो. बेचाळिसाव्या वर्षी गोठवलेले भ्रूण कागदोपत्री दहा वर्षे राहतील, पण बाईला ते स्वतःच्या गर्भाशयात घेता येतील आठच वर्षे. मराठवाड्यातली जोडपी बऱ्याचदा उशिरा पोहोचतात: आधी गावातले उपाय, मग नवस, मग तालुक्याचा डॉक्टर, मग शहर. त्यामुळे हे गणित इथे जास्त लागू पडते. सरोगसीतल्या वयोमर्यादेबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलासा दिला. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांनी त्या हेतूने भ्रूण तयार करून गोठवले होते त्यांची प्रक्रिया तेव्हाच सुरू झाली असे मानून नवी मर्यादा त्यांना लावता येणार नाही, असा तो निकाल. गोठवलेला भ्रूण हा एखाद्या हक्काचा पुरावाही ठरू शकतो हे त्यातून दिसले.

संशोधनाची वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे. भ्रूण संशोधनासाठी देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, आणि देशात चौदा दिवसांपुढे भ्रूण वाढवता येत नाही. महाराष्ट्रात असे काम झालेले आहे. परळच्या ज्या संस्थेचा हर्षाच्या जन्मात वाटा होता, त्याच संस्थेत (आता तिचे नाव राष्ट्रीय प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था) उपचारांतून उरलेल्या भ्रूणांपासून ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या मूलपेशींच्या वंशावळी तयार करण्यात आल्या. ‘संशोधनाला दिले’ याचा अर्थ काय, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण नाही. तरी दवाखाना आणि संशोधन संस्था यांच्यात करार नसेल तर जोडप्याची इच्छा फॉर्मवरच राहते.

प्रत्यक्षात निर्णय कसा होतो? सुरुवात संमतिपत्राने होते. बाविसावे कलम सांगते की सर्व संबंधितांच्या लेखी संमतीशिवाय, आणि मृत्यू किंवा असमर्थता आल्यास काय करायचे याच्या स्पष्ट सूचनेशिवाय, दवाखान्याने भ्रूण गोठवूच नयेत. कलम चांगले आहे. पण त्या सह्या होतात त्या दिवशी जोडप्यासमोर दहा-पंधरा पाने असतात, भूल देण्याची वेळ झालेली असते, बाईने सकाळपासून पाणी घेतलेले नसते, आणि अजून बीज किती मिळणार हेच ठाऊक नसते. ‘पती मयत झाल्यास’ या रकान्यापाशी पेन थांबते, नर्स म्हणते ‘सगळेच भरतात, नुसती पद्धत आहे’, आणि खूण केली जाते. वंध्यत्वाच्या उपचारात असलेल्या माणसाला मूल हा एकच विषय दिसत असतो. शिल्लक ही त्याच्या दृष्टीने श्रीमंताची चिंता. म्हणून पहिल्या दिवशीच्या खुणेला इच्छापत्राइतके वजन द्यावे का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. कायदा तिला वजन देतो, आणि गर्भाशयात भ्रूण सोडेपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेण्याची मुभाही देतो.

मूल झाल्यावर दृष्टी बदलते. ज्या दिवसापर्यंत भ्रूण हा रिपोर्टवरचा ‘४एए’ किंवा ‘३बीबी’ असा दर्जा असतो, त्या दिवसानंतर तो अंगणात खेळणाऱ्या लेकराचा भाऊ किंवा बहीण होऊ लागतो. एकाच दिवशी, एकाच ताटलीत तयार झालेले. एक जन्माला आला, बाकीचे टाकीत राहिले. आधी ‘नको असतील तर टाकून द्या’ म्हणणारी बाई आता शुल्क भरते. उलटही होते: उपचारांनी आणि कर्जाने पिचलेले जोडपे मूल झाल्यावर पुन्हा त्या दाराशी जायला तयार नसते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या ॲन लायरली आणि सहकाऱ्यांनी नऊ केंद्रांतल्या हजारावर रुग्णांना विचारले होते. ज्यांना आणखी मुले नको होती त्यांच्यापैकी सुमारे वीस टक्क्यांनी भ्रूण कायमचेच गोठवून ठेवू असे सांगितले. निम्म्याहून अधिकांना दुसऱ्या जोडप्याला देणे नको होते, कारण आपले मूल दुसऱ्याच्या घरी वाढेल आणि आपल्या मुलाला ते कधीतरी न ओळखता भेटेल. संशोधनाला द्यायला दोन-तृतीयांश तयार होते. अमेरिकेतले आकडे मराठवाड्यावर चिकटवता येत नाहीत, पण अनोळखी भावंडाच्या भेटीची धास्ती सगोत्र विवाह टाळणाऱ्या आणि सोयरीक जुळवताना चार पिढ्या मोजणाऱ्या समाजाला समजावून सांगावी लागत नाही.

सर्वांत जास्त आढळणारा निर्णय म्हणजे निर्णय न घेणे. एक-दोन वर्षे शुल्क भरले जाते, मग थांबते. दवाखान्यातून फोन येतो तेव्हा मोबाइल नंबर बदललेला असतो. जोडपे कामासाठी वाळूजला किंवा पुण्याजवळच्या चाकणला निघून गेलेले असते. पत्र गावच्या पत्त्यावर पाठवावे तर ते सासऱ्यांच्या हाती पडण्याची भीती, आणि पाठवू नका अशी जोडप्याचीच ताकीद. ही टाळाटाळ बेजबाबदारपणाची वाटते, पण बहुतेक वेळा ती एक भूमिका असते: आपल्या हाताने काही करायचे नाही, जे व्हायचे ते मुदतीने व्हावे. दहा वर्षांची मर्यादा अशांसाठी सोयीचीच. सरकारने निर्णय घेतला असे म्हणता येते. ब्रिटनमध्ये हेच १९९६ मध्ये एका फटक्यात घडले. पाच वर्षांची मुदत संपलेले आणि ज्यांच्या पालकांकडून उत्तर आले नाही असे सुमारे ३,३०० भ्रूण त्या ऑगस्टमध्ये वितळवण्यात आले. आता तिथे दर दहा वर्षांनी संमती नवी करून पंचावन्न वर्षांपर्यंत ठेवता येतात. इटलीने २००४ मध्ये उलटा उपाय केला: तीनपेक्षा जास्त भ्रूण तयारच करायचे नाहीत आणि गोठवायचे नाहीत. २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो मोडीत काढला, कारण शिल्लक टाळण्याची किंमत बाईच्या शरीराला मोजावी लागत होती.

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की प्रश्न चिघळतो. इंग्लंडमधल्या नॅटली इव्हान्स यांच्या बीजकोशांवर शस्त्रक्रिया होणार होती, म्हणून सहा भ्रूण आधी गोठवले. पुढे जोडीदाराने संमती मागे घेतली. २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जोडीदाराच्या बाजूने निकाल दिला, तिची स्वतःच्या मुलाची ती शेवटची संधी असूनही. भारतीय कायद्याचे बाविसावे कलम त्याच दिशेचे आहे. दोघांपैकी एकाचा नकार पुरतो. कौटुंबिक न्यायालयात पोटगी आणि दागिन्यांची यादी जशी होते, तशी भ्रूणांची होऊ शकत नाही. ते वाटून घेता येत नाहीत.

मृत्यूनंतरचे पेच महाराष्ट्राने वीर्याच्या बाबतीत पाहिले आहेत. कर्करोगाने २०१६ मध्ये गेलेल्या पुण्यातल्या एका तरुणाचे वीर्य उपचारापूर्वी जर्मनीत गोठवलेले होते आणि ते वापरण्याचा अधिकार त्याने आई व बहिणीला दिलेला होता. आईने ते आणवले, दात्या स्त्रीच्या बीजाने भ्रूण तयार करून घेतले आणि २०१८ मध्ये नात्यातल्या स्त्रीच्या पोटी जुळी जन्मली. उलट टोकाचे प्रकरण जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. तिथल्या अविवाहित मुलाने मृत्यूनंतर वीर्याचा नमुना टाकून द्यावा असे फॉर्मवर लिहिले होते आणि आईला तो हवा होता. न्यायालयाने निकाल होईपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितले. दोन्ही घरांत दुःख सारखेच, फरक एका रकान्यातल्या खुणेचा.

धर्म काय म्हणतो, हे जोडपी डॉक्टरांना विचारत नाहीत पण मनात धरतात. हिंदूंच्या घरी गांधारीच्या तुपाच्या घड्यांचा आणि देवकीच्या पोटातून रोहिणीच्या पोटी गेलेल्या बलरामाचा दाखला सहज निघतो. त्यातून उपचाराला मान्यता मिळते, उरलेल्यांचे उत्तर मिळत नाही. व्यासांनी मोजून एकशे एक घडे मांडले होते, शिल्लक राहिली नव्हती. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’त किती महिन्यांचा गर्भ गेला तर अशौच किती, याचा तपशील आहे, पण तो सगळा पोटातल्या गर्भाचा. शहरातल्या मुस्लिम जोडप्यांना उत्तर त्या मानाने सरळ मिळते. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९९० मध्ये ठरवले की लागतील तेवढीच बीजे फळवावीत, तरी भ्रूण उरले तर उपचाराविना आपोआप संपू द्यावेत आणि दुसऱ्या स्त्रीला देऊ नयेत. भारतीय कायदा या मताशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो. कॅथलिक चर्च उपचारच मान्य करत नाही आणि गोठवलेल्या भ्रूणांची स्थिती सुटण्यापलीकडची आहे असे २००८ मध्ये त्याने लिहिले. बौद्ध परंपरेत गर्भधारणेला स्त्री-पुरुष संयोग आणि ऋतुकाल यांखेरीज तिसरी अटही सांगितली आहे, जन्माला येऊ पाहणाऱ्या जीवाची. ती टाकीत पुरी होते का, यावर एकमत नाही, आणि आंबेडकरी घरांत असा प्रश्न धर्मापेक्षा बुद्धीने सोडवण्याकडे कल असतो.

अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना मृत्यूच्या भरपाईपुरते मूल मानले, तेव्हा तिथल्या काही दवाखान्यांनी उपचार थांबवले आणि तीन आठवड्यांत विधिमंडळाला संरक्षणाचा कायदा करावा लागला. भारतात त्या टोकाला कोणी गेलेले नाही. इथे भ्रूण ना मूल, ना मालमत्ता. तो मुदत असलेली ठेव आहे, आणि ठेवीवर दोघांच्या सह्या लागतात.

संपू देण्याचे ठरले तर दोघांना दवाखान्यात येऊन सही करावी लागते. प्रयोगशाळेतला भ्रूणतज्ज्ञ कांडीवरचे नाव आणि क्रमांक दुसऱ्या माणसासमोर ताडून पाहतो, कांडी नायट्रोजनमधून काढतो आणि खोलीच्या तापमानाला ठेवतो. पुढचे काम जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे होते. काही देशांत दवाखाने अशा वेळी जोडप्याला समोर बसू देतात, किंवा गर्भ राहण्याची शक्यता नसलेल्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडून देतात, म्हणजे शेवट बाईच्या शरीरातच व्हावा. आपल्या कायद्यात विधीचा उल्लेख नाही, मनाईही नाही. भ्रूण दहा वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. त्याच्या उपचाराची नोंद मात्र दवाखान्याला किमान दहा वर्षे जपावी लागते, आणि त्यानंतर ती राष्ट्रीय नोंदणीकडे पाठवायची असते.